कोकणात ग्रॅव्हल सायकलनं रोज १०० किलोमीटर होतील का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. डिसेंबरात तीन दिवस ग्रॅव्हल सायकलनं, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकलनं, डांबरी टाळून कोकणातल्या डोंगर-जंगलातून फिरायला मार्ग कोणता, रोज १०० किमी होतील का, आणि मित्र पडला म्हणून विचारताय की तिकडचे कच्चे रस्ते खरंच इतके खराब आहेत का.

तिसऱ्या प्रश्नासाठी मी लिहायला बसलोय, म्हणून आधी तेच. नाही, रस्ते खराब नाहीत. जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे तांबड्या दगडाच्या सपाट माथ्यावरून, गेलेल्या गाडीवाटेइतकी सायकलला मानवणारी जमीन मला दुसरीकडे मिळालेली नाही. मी राजापूर तालुक्यातला. आमच्या घरात या एका वाक्यावरून चार वर्षं वाद चालू आहे, तो पुढे सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर नाही असंच आहे. १०० किमीचा हिशेब देशावरचा. इथं नकाशा उघडून नद्या बघा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, सगळ्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राला मिळतात. दोन नद्यांच्या मधे सपाट माथ्याचा सडा, आणि सड्याच्या दोन्ही अंगांना खाली खाडी. त्यामुळे उत्तर-दक्षिण निघालात की प्रत्येक खाडीला शंभर-दीडशे मीटर उतरायचं आणि तेवढंच पुन्हा चढायचं. मुंबई-गोवा रस्ता असो की सागरी महामार्ग, दोन्ही असेच जातात. म्हणून तर सागरी महामार्ग करून आलेले लोक पाय धरून बसतात. पूर्व-पश्चिम गेलात, म्हणजे एकदा सड्यावर चढून माथ्यामाथ्यानं समुद्राकडं, तर जंगलही मिळतं, डांबरही टळतं आणि गुडघेही शाबूत राहतात. दिवसाला ४५ ते ६० किमी धरा. ६० झाले तर तो मोठा दिवस.

हे माझं डोकं नाही. माझे मोठे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, टपाल वाटायचे. २२ इंची काळी सायकल, गिअर नाही, पुढं खाकी पिशवी. वाट्याला पाच वाड्या. त्या काळी आमच्याकडं टपाल म्हणजे मुख्यतः मनीऑर्डर. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे, आणि ते ज्या हातात पडायचे ती म्हातारी आप्पांची वाट बघत पडवीत बसलेली असायची. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला आणि पिशवी हलकी झाली, असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. तर आप्पांची पद्धत अशी होती. सायकल सड्यावरून चालवायची. वाडी खाली खोऱ्यात असेल तर सड्याच्या कडेला देवळापाशी सायकल झाडाला टेकवायची आणि पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं, पायी उतरायचं. टपाल द्यायचं, पाणी प्यायचं, वर यायचं, पुढच्या वाडीला निघायचं. सायकल त्यांनी कधीही खाली नेली नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, “उतरलास की चढायचं आलं. पायांना ते जमतं, चाकांना कशाला त्रास?” मी आज २० हजारांच्या नव्हे तर बऱ्याच महागड्या सायकलवर तेच करतो आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

आता वादाचं. माझा आतेभाऊ पुण्याला असतो. चांगला सायकलपटू आहे, हे आधी मान्य करतो. रविवारी सिंहगड, आठवड्याला दोनशे-अडीचशे किमी, दम माझ्या दुप्पट. त्यानं ग्रॅव्हल बाईक घेतली आणि त्याच डिसेंबरात आमच्याकडं आला. डोक्यात अमेरिकेतली कान्ससची कच्च्या रस्त्यांवरची सायकल शर्यत होती, अनबाउंड. तिचं मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे जवळजवळ ३२० किमी. आदल्या रात्री त्यानं फोनवर आखणी केली. आमच्या गावातून सड्यानं आडिवरे, कशेळी, तिथून नाटे, जैतापूरचा पूल आणि हातिवल्यावरून परत. एकूण १०४ किमी. मी म्हटलं, आडिवऱ्यापर्यंत जाऊ, महाकालीचं दर्शन घेऊ, कशेळीचं कनकादित्याचं देऊळ बघू आणि आल्या वाटेनं मागं येऊ. तो म्हणाला, एवढ्यासाठी मी पुण्याहून आलो नाही.

सकाळी खळ्यात तो हवा भरत होता. पंपाचा काटा ६० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप). टायर ४० मिमी, ट्यूबलेस, वजन त्याचं सत्तरच्या आसपास. मी म्हटलं, निम्मी सोड. तो म्हणाला, कान्ससला चकमकीचे धारदार दगड असतात, हवा कमी ठेवली की रिम आपटते. तिकडचं त्याचं खरं आहे. त्या टेकड्यांचं नावच फ्लिंट हिल्स, तिथली खडी टायर कापते. पण आमची जमीन ती नाही, आणि हे त्याला त्या सकाळी समजावून सांगायला मला जमलं नाही. आता इथं सांगतो.

जांभा म्हणजे पावसानं धुऊन उरलेला दगड. लाखो वर्षं कोसळत्या पावसानं मूळ खडकातली सिलिका वाहून नेली आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागं राहिली, म्हणून तो तांबडा. खाणीतून चिरा काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. सड्याच्या माथ्यावर हीच कडक साय असते, मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, आणि टायर तिला घट्ट धरतं. कोरडा कातळ म्हणजे सॅंडपेपर. पण सड्याची कड आली की हा दगड झिजतो आणि त्यातले लोहाचे गोल खडे सुटतात, शर्टाच्या गुंडीएवढे, काही बोरांएवढे. ते खालच्या कडक कातळावर पसरलेले असतात. कडक फरशीवर छर्रे सांडल्यावर काय होईल? हे खडे टायर कापत नाहीत, टायराखाली गरगरतात. फुगवून टणक केलेलं चाक त्यांच्यावर चढतं आणि घसरतं. हवा कमी असली की रबर त्यांना पोटात घेतं आणि खालच्या कातळापर्यंत पोहोचतं. सगळं गणित एवढंच.

सातला निघालो. गवतावर दव, खाली खोऱ्यात धुकं भरलेलं आणि आम्ही त्याच्या वर, उन्हात. दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, करवंदीच्या जाळ्या, मधेच काजूची लागवड, मग पुन्हा मोकळा सडा. मग ऐन-किंजळीच्या रानातून वाट, तिथं इतकी सावली की चष्मा काढावा लागला. एका पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव होता, सायकली उचलून नेल्या. वीस किलोमीटर दीड तासात झाले आणि आतेभाऊ म्हणाला की आयुष्यातली ही सगळ्यात सुंदर राइड. हे त्याचे शब्द आहेत, आणि हेही आमच्या वादात मोजलं जावं असं मला वाटतं.

मग त्यानं घड्याळ बघितलं. या वेगानं न थांबता गेलो तरी १०४ व्हायला दुपारचे तीन वाजणार होते. फोनवर त्याला खाडीकडं उतरणारी एक वाट दिसली, सात किलोमीटर वाचत होते. ती वाट मला माहीत होती. खालच्या वाडीची बैलगाडीची जुनी वाट, शेवटी गडग्याला लागून डावीकडं वळते. मी म्हटलं, इथून सायकल हातात धरून उतरायचं. तो म्हणाला, “सायकल ढकलायला आलोय का मी?” आणि गेला.

मी वरून आवाज ऐकला. वळणावर पुढचा ब्रेक दाबला, चाक खड्यांवरून सरकलं, डाव्या खांद्यावर पडला. हासळीचं हाड मोडलं. टायरला ओरखडा नाही, चाक सरळ, सायकल जशीच्या तशी. तो मात्र पांढराफटक बसलेला. खालच्या वाडीतली माणसं आली. एका आजींनी पंच्याची झोळी करून हात गळ्यात बांधला, इतका व्यवस्थित की नंतर डॉक्टरांनीही तो लगेच सोडला नाही. दोन पोरांनी सायकली वर नेल्या. सहा आसनी रिक्षा मिळेपर्यंत कोणीतरी कोकम सरबत आणून दिलं. त्या वाडीचं नाव लिहीत नाही, पण त्या आजींना मी दर दिवाळीला भेटून येतो.

राजापूरला एक्स-रे, मग रत्नागिरीला हाडांचे डॉक्टर. शस्त्रक्रिया लागली नाही, सहा आठवडे हात गळ्यात. संध्याकाळी आत्याचा फोन आला. मला म्हणाली, कसल्या रस्त्याला नेलंस माझ्या पोराला? आणि तो शेजारीच होता, मला ऐकू आलं, “रस्ताच खराब होता.” त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, प्रत्येक गणपतीत हे वाक्य मी ऐकलंय. गावातले लोक तिथं बसलेले असताना ऐकलंय. ज्या वाटेनं आप्पांनी एकतीस वर्षं टपाल वाटलं, तिला खराब म्हणायचं.

पुढच्या आठवड्यात मी एकटा तिथं गेलो. गवंड्याची पाण्याची नळी आणि टेप घेऊन गेलो आणि उतार मोजला. वळणाच्या आधीच्या ४० मीटरात वाट ७ मीटर उतरते, म्हणजे साडेसतरा टक्के. त्याच्या चाकाची घसरल्याची खूण अजून होती, चार मीटर. वरचे खडे पायानं बाजूला केले तर खाली अख्खा कातळ, कुठं खड्डा नाही, कुठं खचलेलं नाही. मग टायरात ३२ पीएसआय ठेवून मी ती वाट उतरलो. अर्धी बसून, आणि वळणाच्या आधी उतरून चालत. काही झालं नाही. पाडलं ते ६० पीएसआयनं आणि सात किलोमीटर वाचवायच्या घाईनं. तुमचा मित्र कसा पडला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याला हवेचा आकडा विचारा.

आता मार्ग.

पहिला दिवस वर सांगितलाच. राजापुरात मुक्काम, सड्यानं आडिवरे-कशेळी आणि परत. डांबरीनं राजापूर-आडिवरे तीसेक किमी आहे, सड्याच्या वाटांनी थोडं जास्त होतं; जाऊन-येऊन साठच्या वर जाणारा हाच तो मोठा दिवस. वाटेत देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ कातळशिल्प, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेलं चित्र, आहे, कशेळीला हत्तीचं प्रचंड मोठं शिल्प आहे. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यांत ही दोन्ही आहेत. शिल्पाच्या चौकोनात सायकल घालायची नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. फोटोसाठी चित्रावर चाक टेकवून उभे राहिलेले लोक मी बघितलेत आणि त्यांना हाकललंय. हजारो वर्षं टिकलेली रेघ आहे ती.

दुसरा दिवस उलट्या दिशेला, जंगलाचा. ओणीवरून रायपाटण, पाचल आणि सह्याद्रीचा पायथा. मुख्य रस्ता डांबरी आहे, अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरकडं जातो, पण पाचलच्या पुढं वाड्यांना जाणारे मातीचे फाटे सुरू होतात. करकच्या अर्जुना धरणाच्या बाजूला संध्याकाळी चारच्या उन्हात जा. मागं डोंगराची भिंत उभी असते, ती लाल होते. घाट चढू नका, तो ट्रकांचा रस्ता आहे आणि वर गेल्यावर तुमचा कोकण संपतो.

तिसऱ्या दिवसासाठी जागा बदलायची असेल तर दोन पर्याय. उत्तरेला खेडहून खोपी आणि रघुवीर घाट, वर कांदाटी खोऱ्यातल्या गावांकडं. चढ मोठा, पण शांतता अशी की स्वतःची साखळी ऐकू येते. दक्षिणेला कुडाळहून माणगाव खोरं आणि मनोहरगडाच्या पायथ्याचं शिवापूर. त्या बाजूला पाऊस भरपूर, शेजारच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे डिसेंबरातही रान हिरवं आणि पऱ्यांना पाणी. दोन्ही ठिकाणी मी एकेकदाच गेलोय, वाटावाटांची माहिती तिथल्या माणसांना विचारा. आणि खरंच विचारा. आमच्याकडं माणूस हातातलं काम टाकून तुमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत येतो. फोनवर पाखाडी आणि गाडीवाट एकाच रेघेनं दिसतात. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, हे त्या फोनला कळत नाही.

सायकलबद्दल. तुम्ही लिहिलेली ४० मिमी टायरं पुरेत, ३५ असती तर नको म्हटलं असतं. डिस्क ब्रेक हवेतच, तांबडी धूळ रिम ब्रेकचे रबर खाऊन टाकते. गिअरकडं मात्र नीट बघा. पुढं ३४ आणि मागं ३४ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.२ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी आठ किमी. पंधरा टक्के चढावर ताशी आठनं जायचं तर माणूस नि सायकल धरून ८० किलो वजनाला अडीचशे वॅटच्या वर ताकद लागते. ती सगळ्यांकडं नसते. पुढं ३० आणि मागं ४२ असेल तर तोच चढ पावणेदोनशे-दोनशे वॅटमध्ये निघतो. दुकानदार पुढचं चाक किती हलकं आहे ते सांगत बसतात, दात किती ते विचारलं तर गप्प होतात. साखळीला कोरडं तेल लावा, ओलं लावलंत तर संध्याकाळपर्यंत त्यावर विटेचा लेप बसतो. करवंदीच्या काट्यांसाठी टायरात सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ताजं भरून या, उष्ण हवेत ते सुकतं.

यायचं कसं हे विचारलेलं नाही तरी सांगतो. कोकण रेल्वेत सायकल सामानाच्या डब्यातून पार्सल करता येते, पण लहान स्टेशनांवर गाडी जेमतेम थांबते, सायकल उतरवायला वेळ पुरत नाही. रत्नागिरीला उतरा.

यंदा गणपतीत आतेभाऊ आला होता. माझी सायकल पडवीत होती. त्यानं पुढचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं आणि किती ठेवतोस असं विचारलं. मी बत्तीस म्हटलं. पुढं तो काही बोलला नाही, आणि आत्यासमोर तर अजिबात नाही. म्हणून हे लिहितोय. पुण्याचा आणखी एक माणूस परत जाऊन रस्त्याला दोष देऊ नये.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीचं आहे. पावसाळ्यात याच कातळावर शेवाळ येतं आणि मी वर सॅंडपेपर म्हटलं ते विसरा, तेव्हा चालतानाही माणूस आपटतो. मार्चनंतर सड्यावर सावली नाही आणि भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतं भाजण्याचा, धूर असतो. डिसेंबरातही सड्यावर पाणी मिळत नाही, तीन लिटर बरोबर ठेवा, वाडीत मागितलंत तर कोणी नाही म्हणत नाही. बसताना दगड उचलू नका, दगडाखाली हात घालू नका. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, वीतभर दिसतं आणि मातीच्या रंगाचं असतं. चावलं तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ सरकारी रुग्णालय गाठा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारं प्रतिविष एकच आहे. चिरेखाणीच्या आसपास ट्रक येतात, त्यांचा चालक धुळीत तुम्हाला बघू शकत नाही, तुम्हीच थांबा. दोडामार्ग-तिलारीकडं गेलात तर तिथं हत्ती आहेत, पाचच्या आत मुक्कामी पोहोचा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, रघुवीर घाटाच्या वर गेलात तर त्या रानात परवानगीशिवाय शिरू नका. आणि ३२ हा आकडा माझ्या ६८ किलोला आहे. तुम्ही ८५ असाल तर ३८ पर्यंत ठेवा, बॅगा लावणार असाल तर मागच्या चाकाला आणखी दोन-तीन वाढवा.